यंत्र अडून बसलें म्हणजे

गेल्या दोन अंकांत जुन्या संगणकावर लिनक्स कसें बसवावें, याचा विचार आपण केला. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, तेव्हांपासून आमच्या ओळखीच्या कित्येक घरांनीं आपलीं धडधाकट यंत्रें भंगारांत न घालतां या मोफत प्रणालीकडे वळविलीं. त्या निमित्तानेंच तो विषय हातीं घेतला होता. त्यानंतर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच : बसविलें खरें, पण उद्यां अडलें तर कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचें? मोठ्या शहरांत जाणते लोक मिळतात. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं लिनक्स जाणणारा मनुष्य शोधूं गेलें तर अकोल्याची वाट धरावी लागते, आणि इतकें करूनहि पुष्कळदां सल्ला मिळतो तो हाच, कीं सगळें पुसून टाका व नव्यानें भरा.

या सल्ल्याविरुद्धच आज मला लिहावयाचें आहे. पुसून नव्यानें भरणें हा उपाय नव्हे असें नाहीं. पण तो शेवटचा उपाय आहे. ज्या घरांत एकाच यंत्रावर आजोबांचीं टिपणें, सूनबाईंचा जमाखर्च, मुलांचा अभ्यास आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें एकत्र नांदतात, त्या घरांत शेवटचा उपाय पहिल्यानें योजणें म्हणजे ढेकणांना कंटाळून घर पेटवून देण्यासारखें आहे.

आमच्या वैद्यांनीं रोगपरीक्षेस केवढें महत्त्व दिलें आहे पाहा. माधवकराचा 'माधवनिदान' हा सबंध ग्रंथ निदानाचा आहे. औषधयोजना त्यांत नाहीं. यंत्राच्या बाबतींत निदानाची रीत म्हणाल, तर ती नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाहून निराळी नाहीं. अमुक असतां दोष दिसतो, हा अन्वय. तें काढून घेतां दोष दिसेनासा होतो, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण सांपडलें असें समजावें. यासाठीं पथ्य मात्र एक पाळावें लागतें : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालूं लागलें तर आनंद होतो खरा, पण ज्ञान कांहीं होत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां तेंच रडगाणें.

हा व्यतिरेक घडवून आणण्यास लिनक्समध्यें दोन सोपीं साधनें आहेत. ज्या पेनड्राइव्हवरून प्रणाली बसविली तो पुसूं नये, चिठ्ठी चिकटवून कपाटांत ठेवावा. त्यावरून यंत्र सुरू केलें असतां हार्ड डिस्कला हात न लावतां सबंध प्रणाली यंत्राच्या स्मरणांत चालते. त्या स्थितींत आवाज येत असेल, इंटरनेट लागत असेल, तर यंत्राचे अवयव निर्दोष असून दोष आंतल्या मांडणींत आहे. तेथेंहि आवाज येत नसेल तर आधीं तारा पाहाव्या. दुसरें साधन म्हणजे नवें खातें. त्याच यंत्रावर 'पाहुणा' अशा नांवाचा एक वापरकर्ता करावा व त्याच्या खात्यांत जाऊन पाहावें. तेथें दोष नसेल, तर तो तुमच्याच खात्यांतील एखाद्या लपलेल्या फाइलींत आहे. अशा फाइलींचीं नांवें टिंबानें सुरू होतात, म्हणून त्या एरवीं दिसत नाहींत. फोल्डर उघडून कंट्रोल व एच या कळा एकदम दाबल्या म्हणजे दिसतात. संशय येईल ती फाइल पुसूं नये, तिचें नांव तेवढें बदलून पाहावें. चूक ठरली तर नांव परत देतां येतें.

आतां एक घरचाच प्रसंग सांगतों. तो सगळाच सुखाचा नाहीं, पण या विषयाचा बहुतेक अर्क त्यांत आला आहे.

आमच्या थोरल्या वहिनी २०२४ च्या अखेरीस गेल्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. कित्येक त्यांच्या आईकडून, दर्यापूरच्या बाजूच्या, आलेल्या. शेवटच्या वर्षांत पुतण्यानें त्यांच्यापाशीं बसून अशीं सत्तावीस ध्वनिमुद्रणें मोबाइलवर घेतलीं. पुढें २०२५ च्या मे महिन्यांत मोबाइल भरला, म्हणून त्यानें तीं घरच्या संगणकावर हलविण्यास घेतलीं. तो दिवस वादळाचा होता. सातपुड्याकडून धुळीचा लोट आला, वीज गेली, आणि यंत्र जागच्या जागीं बंद पडलें. वीज आल्यावर सुरू करतों तों काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें, आणि सगळ्यांत खालीं 'इनिट्रॅमएफएस' असा एक अगम्य शब्द. दुसऱ्या दिवशीं पुतण्या यंत्र घेऊन एका दुकानीं गेला. तेथें त्यास सांगण्यांत आलें, "फॉरमॅट करावें लागेल. संध्याकाळीं घेऊन जा."

त्याचा फोन आला तेव्हां दादा ओसरीवर बसले होते. त्यांचें वय ब्यायशी. त्यांनीं मला एवढेंच विचारलें, "त्यांत हिच्या ओव्या आहेत ना रे?"

"आहेत, दादा."

"मग यंत्र परत आणायला सांग त्याला."

घरीं येतांच पुतण्या म्हणाला, "काका, टाइमशिफ्ट चालू आहे, त्यांतून सगळें परत येईल." येथें त्याची फसगत झाली होती, आणि ती पुष्कळांची होते. टाइमशिफ्ट हें साधन प्रणालीच्या जुन्या प्रती राखतें. एखादी नवी सुधारणा अंगाशीं आली तर यंत्र मागील स्थितीवर परत नेतें. पण घरच्या फोल्डरांतील कागदपत्रें, छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें तें मुळांतच वगळतें. मुद्दाम सांगितलें तरच घेतें. दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारीं लागणारी. त्यानें ओव्या मोबाइलवरून 'कॉपी' न करतां 'कट' केल्या होत्या. म्हणजे एकेक ओवी संगणकाकडे गेली कीं मोबाइलवरून ती नाहींशी होत होती. जगांत त्या आवाजाची प्रत आतां कोठें असलीच तर या बंद पडलेल्या यंत्रांतच होती.

आम्हीं दोघांनीं प्रथम काय केलें म्हणाल, तर पडद्यावरचा मजकूर अक्षरशः वहींत उतरून घेतला. वाचकांनीं ही संवय अवश्य लावून घ्यावी. यंत्र अडतें तेव्हां तें बहुधा कारणहि सांगतें. आपण पडदा काळा झालेला पाहून घाबरतों आणि वाचीत नाहीं. (एरवीं मी मराठी मेनूंचा कट्टा अभिमानी आहें, तथापि दोष शोधतांना यंत्राची भाषा इंग्रजी ठेवावी असें माझें मत झालें आहे. त्या ठराविक इंग्रजी वाक्यावरून जगांत कोणीतरी आधीं केलेला उपाय लवकर सांपडतो.) आमच्या पडद्यावर लिहिलें होतें त्याचा अर्थ इतकाच, कीं डिस्कच्या अमुक भागाच्या नोंदींत मेळ बसत नाहीं, तरी 'एफएससीके' ही तपासणी स्वहस्तें करावी. डिस्क मेली आहे असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नव्हतें.

मेळ बसत नाहीं म्हणजे काय, हें वाण्याच्या वहीखात्यावरून चांगलें समजतें. लिनक्सवर ईएक्सटी-४ नांवाची जी डिस्कची रचना सर्रास वापरतात, तींत प्रत्येक फेरफार आधीं कीर्दींत टिपला जातो आणि मग खतावणींत चढतो. मध्येंच वीज गेली तर पुढच्या वेळीं यंत्र कीर्द वाचून खतावणी पुरी करून घेतें, म्हणून बहुतेक वेळां आपणांस कांहीं कळतहि नाहीं. पण कीर्दींत नोंद असते ती कोणतें पोतें कोठें ठेविलें याची. पोत्यांतलें धान्य कीर्दींत नसतें. त्यांतून यंत्र लिहावयाचा मजकूर तत्काळ डिस्कवर उतरवीत नाहीं. अर्ध्या मिनिटापर्यंत तो स्मरणांत धरून ठेवूं शकतें. पोत्याची नोंद झाली आणि धान्य ओतण्यापूर्वींच दिवा गेला, तर वहींत नांव राहतें व पोतें रिकामें. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वीं 'इजेक्ट' म्हणावें लागतें तें याचसाठीं. घाईनें ओढून काढणाऱ्या मुलांना हें एकदां नीट समजावून सांगावें. मग पुन्हां रागवावें लागत नाहीं.

कपाटांतील पेनड्राइव्ह लावून आम्हीं यंत्र त्यावरून सुरू केलें. 'डिस्क्स' नांवाचें जें साधन त्यांत असतें, त्यांत डिस्कची प्रकृति पाहण्याची सोय आहे, ती पाहिली. डिस्क निकोप होती. (ती खटखट वाजत असती किंवा प्रकृति वाईट दिसली असती, तर आम्हीं तपासणीचें नांवहि काढलें नसतें, तशा वेळीं आधीं मिळेल तें उतरून घ्यावें व जाणत्याकडे जावें.) नंतर तो भाग 'फक्त वाचनासाठीं' म्हणून उघडला आणि घरच्या फोल्डरांतलें जेवढें दिसत होतें तेवढें एका बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतलें. हें आधीं, दुरुस्ती मागून. हा क्रम कोणीहि उलटूं नये.

एवढें झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हां त्या काळ्या पडद्यापाशीं आलों. तेथें रोमन अक्षरांत 'एफ-एस-सी-के', मग रिकामी जागा, आडवी रेघ व 'वाय', पुन्हां रिकामी जागा, आणि शेवटीं डिस्कच्या त्या भागाचें नांव लिहिलें. हें नांव पडद्यावर छापलेलेंच असतें. आमच्याकडे तें तिरपी रेघ, 'डेव्ह', तिरपी रेघ, 'एस-डी-ए-२' असें होतें. 'वाय' याचा अर्थ, प्रत्येक दुरुस्तीस आमची संमति आहे. चालूं असलेल्या, म्हणजे उघडलेल्या भागावर ही आज्ञा कधींहि चालवूं नये. त्यानें बरें असलेलें बिघडतें. चारपांच मिनिटें अक्षरें धांवत राहिलीं. मग 'रीबूट' लिहिलें, आणि नेहमीचा पडदा आला. पुतण्याची बायको दारांत उभी होती, ती न बोलतां आंत जाऊन चहा ठेवूं लागली.

सत्तावीसांपैकीं बावीस ध्वनिमुद्रणें जागेवर सांपडलीं. जीं पोतीं कोणाचीं हें तपासणीस कळत नाहीं, तीं ती 'लॉस्ट-फाउंड' नांवाच्या फोल्डरांत टाकते व त्यांना नांवाऐवजीं नुसता आंकडा देते. हा फोल्डर साध्या वापरकर्त्यास उघडत नाहीं. मुख्य अधिकाऱ्याच्या हक्कानें उघडावा लागतो. त्यांत तीन आंकडे होते. एकेक वाजवून पाहिला. तिन्ही वहिनींचाच आवाज, एकांत मध्येंच नातीला हांक मारलेली. राहिलेल्या दोहोंचीं नांवें खतावणींत होतीं आणि लांबी शून्य होती. त्या गेल्या. नांवें होतीं म्हणून कोणत्या गेल्या तें तरी कळलें. त्यांतली एक वहिनींच्या धाकट्या बहिणीस येते. ती श्रावणांत आली तेव्हां तिच्याकडून म्हणवून घेतली. दुसरी आतां कोणास येत नाहीं.

तेव्हांपासून घरांत दोन नियम झाले. ज्याची दुसरी प्रत नाहीं तें 'कट' करावयाचें नाहीं. आणि दर एकादशीस घरचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरावयाचा व डिस्क काढून कपाटांत ठेवावयाची. एकादशी यासाठीं, कीं ती सूनबाई विसरत नाहींत. यंत्रासाठीं एक लहान यूपीएसहि घेतला. आमच्याकडील विजेचा भरंवसा पाहतां तो आधींच घ्यावयास हवा होता.

आतां पत्रांतील प्रश्नांकडे वळतों.

एका भगिनीनें लिहिलें आहे, कीं परवलीचा शब्द बरोबर घालूनहि पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुन्हां तोच शब्द विचारतो. शब्द चुकला असता तर चुकला असें यंत्रानें म्हटलें असतें. बहुधा डिस्क शिगोशीग भरली आहे. आंत पाऊल ठेवण्यापुरतीहि जागा नसल्यामुळें यंत्र तुम्हांस उंबऱ्यावरूनच परत पाठवीत आहे. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्या. साध्या अक्षरांचा पडदा येतो. तेथें नांव व शब्द द्यावा. शब्द लिहितांना तारे किंवा ठिपके कांहींच दिसत नाहींत, तो दोष नव्हे. मग 'डी-एफ', रिकामी जागा, आडवी रेघ व 'एच' असें लिहावें. शेजारीं नुसती तिरपी रेघ असलेल्या ओळींत १०० टक्के दिसले म्हणजे निदान झालें. 'सुडो', 'ॲप्ट', 'क्लीन' हे तीन शब्द जागा सोडून लिहिले असतां उतरवून ठेवलेलीं जुनीं गांठोडीं निघून जातात व आंत शिरण्यापुरती जागा होते. आंत गेल्यावर टाइमशिफ्ट उघडून पाहावें; त्याच्या जुन्या प्रतींनींच पुष्कळदां जागा खाल्लेली असते. दोनतीन ठेवून बाकीच्या काढाव्या. डिस्क भरलेली नसेल, तर घरच्या फोल्डरांतील टिंबानें सुरू होणारी 'एक्स-ऑथॉरिटी' नांवाची फाइल पाहावी. तिची मालकी चुकून मुख्य अधिकाऱ्याकडे गेली कीं हाच प्रकार होतो. तिचें नांव बदललें म्हणजे यंत्र नवी करून घेतें.

दुसऱ्या एका गृहस्थांची तक्रार आहे, कीं बँकेचें पान उघडत नाहीं आणि 'जोडणी सुरक्षित नाहीं' अशी धमकी येते; इतर कांहीं पानांचेंहि तसेंच. त्यांनीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहावी. जुन्या यंत्रांत घड्याळापुरती एक नाण्याएवढी बॅटरी असते, तिचा क्रमांक बहुधा सी-आर-२०३२, दाब तीन व्होल्ट. ती संपली कीं यंत्र बंद होतांच काळ विसरतें व कांहीं वर्षें मागें जातें. पानांच्या ओळखपत्रांना मुदत असते. यंत्राच्या मतें ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तें विश्वास ठेवीत नाहीं. यांत दोष बँकेचा नव्हे आणि लिनक्सचाहि नव्हे, पंचांग चुकलें आहे. तारीख बरोबर असून वेळ मात्र नेमकी साडेपांच तासांनीं चुकत असेल, तर कारण निराळें : त्या यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असावींत. विंडोज आंतल्या घड्याळांत भारतीय वेळ लिहितें, लिनक्स ग्रिनिचची वेळ समजून वाचतें; दोघांतलें अंतर तेवढेंच साडेपांच तासांचें.

छपाई एकाएकीं थांबली तर नवा प्रिंटर घेण्याची घाई करूं नये. कागद अडकला किंवा तार निघाली, कीं छपाईची यंत्रणा तो प्रिंटर 'थांबविलेला' म्हणून मांडून ठेवते, आणि कागद काढला तरी आपण होऊन सुरू करीत नाहीं. प्रिंटरच्या यादींत जाऊन 'रिझ्यूम' म्हणावें, आणि रांगेंत साचलेल्या सतरा प्रती आधीं रद्द कराव्या.

उन्हाळ्यांत यंत्र आपोआप बंद पडतें, असें अकोट व तेल्हारा या दोन्ही भागांतून लिहून आलें आहे. अकोल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि कापसाच्या गांवीं पंख्यांत पेव धरतें. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला कीं जळूं नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतें. येथें आज्ञा कसल्या लिहावयाच्या? पेटी उघडून मऊ कुंचल्यानें पंखा साफ करावा, म्हणजे झालें.

जुनीं पत्रें उघडलीं असतां मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, त्याचें कारण तीं श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेलीं आहेत. त्या काळीं अक्षरांचे आंकडे रोमनचेच ठेवून वरून चित्र तेवढें देवनागरी काढीत. तो फॉन्ट यंत्रावर नसला कीं खालचें रोमन उघडें पडतें. मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेणें हाच त्यावर मार्ग, आणि बदलल्यावर ऱ्हस्वदीर्घ व जोडाक्षरें डोळ्यांखालून घालणें अगत्याचें. युनिकोड मजकुरासाठीं लिनक्समध्यें फॉन्टांची वाण नाहीं; रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें खुले केलेले 'लोहित' फॉन्ट सहज मिळतात. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीचें नांव तांबडी टोपी. नांव ठेवणारास संस्कृत येत असावें.

शेवटीं लिपीचाच एक लहान प्रश्न, जो आम्हां वऱ्हाडकरांना नित्य छळतो. पुतण्यानें वाचलेल्या ओव्यांच्या फोल्डरास 'वर्हाडी ओव्या' असें नांव दिलें होतें. रफार डोक्यावर गेला होता, आणि कितीहि खटपट केली तरी खालीं येईना. हा दोष यंत्राचा नव्हे. डोक्यावर चढणारा र निराळा आणि कुशींत शिरणारा निराळा. आचार्यांस वंदन करणें आणि आचाऱ्यांस पैसे देणें या भिन्न क्रिया आहेत, हें शाळेंत शेंकडों मुलांना सांगत आलों. युनिकोडमध्यें या दुसऱ्या र-साठीं 'ऱ' असें टिंबाचें स्वतंत्र अक्षर आहे. भाषांच्या यादींत मराठीखालीं इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडावा. १९९१ च्या भारतीय मानकांत हीच मांडणी दिली आहे. त्यांत र जे-च्या कळेवर आहे आणि ऱ तिच्यावरच, शिफ्ट धरून. मग डी-च्या कळेवर हलन्त, मग यू-वर ह. सबंध शब्द लिहावयाचा तर रोमन कळा या क्रमानें : बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई, आणि शेवटीं चौकोनी कंसाची पहिली कळ. वऱ्हाड.

पुतण्यानें फोल्डराचें नांव सुधारलें तेव्हां दादांनीं चष्मा वर करून तें दोनदां वाचलें. "आतां बरोबर आहे," म्हणाले, आणि नातीला हांक मारलेली ती ओवी लावावयास सांगितली.